काशीस जावे, बॅटरी न्यावी

आमच्या आत्याने काशीत कारलं सोडलं, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ तिथे सोडून यायचा आणि पुन्हा त्याला तोंड लावायचं नाही, असा आपल्याकडे नेम आहे. आत्याला कारलं आवडायचं असं तिच्या माहेरचं किंवा सासरचं एकही माणूस छातीठोकपणे सांगू शकत नाही. काकांनी त्याच यात्रेत पेरू सोडला, तोही कवळी बसवून घेतल्यावर. पण नेम तो नेम. त्यामुळे मी शूटिंगसाठी बनारसला निघालोय म्हटल्यावर आत्याने तिकिटाचं विचारलं नाही की थंडीचं. तिने विचारलं, "काय सोडणार आहेस?"

मी हॉलभर मांडलेल्या सामानाकडे पाहिलं. सोडण्यासारखं बरंच होतं, पण सोडवत एकही नव्हतं.

व्हिडिओवाल्याची बॅग म्हणजे त्याच्या आजवरच्या फजित्यांची यादी असते. लोकांना वाटतं, आम्ही शूट बघून सामान निवडतो. खरं म्हणजे मागच्या शूटला ज्याने नाक कापलं, ते सामान आम्ही पुढच्या शूटला दुप्पट नेतो. माझ्या बॅगेत हॉटेलातून उचललेल्या चार शॉवर कॅप असतात, कारण एकदा महाबळेश्वरला पाऊस आला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर घालायला काही नव्हतं. दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा मी घेतला, कारण एका लग्नात एकुलतं एक कार्ड बसलं. वरमाला पुन्हा घालून घेता येतात, नवरानवरी हौसेने घालतातही. पण सप्तपदी पुन्हा घ्या म्हटल्यावर भटजी ज्या नजरेने बघतात, ती नजर दुसऱ्या कार्डापेक्षा महाग पडते.

आणि ते कीर्तन! सांगलीकडच्या एका देवळात मी फोटोच्या कॅमेऱ्यावर कीर्तन रेकॉर्ड करत होतो. २९ मिनिटं ५९ सेकंद झाली आणि कॅमेरा गपकन थांबला. बुवा नेमके पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घालत होते. नंतर कळलं, की अर्ध्या तासाच्या वर चित्रीकरण करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जादा जकात लागायची, म्हणून फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्यांनी ही मर्यादाच घालून टाकली होती. म्हणजे जकात युरोपची आणि आख्यान तुटलं सांगलीत. तेव्हापासून कीर्तन, गॅदरिंग, अमृतमहोत्सवी सत्कार असलं काही आलं की मी कॅमेरा किती सुंदर दिसतो ते बघत नाही, तो किती वेळ जागा राहतो ते बघतो. सत्काराला तर कॅमेऱ्यापेक्षा कॅमेरामन जागा राहणं कठीण.

तर, बनारस. काम एका माहितीपटाचं होतं. विषय, काशीतले मराठी घाट. अहिल्याबाईंचा, भोसल्यांचा, शिंद्यांचा आणि आमचा मुख्य म्हणजे राजा घाट. निर्माते दादरचे. दादरच्या माणसाला एका तिकिटात एकच काम करणं म्हणजे पाप वाटतं. त्यांनी फोनवर सांगितलं, "माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं प्री-वेडिंग पण तिथेच उरकून टाकू. आणि ब्रह्माघाटावर एक मराठी गुरुजी आहेत, त्यांची मुलाखत. कॅमेरा काय, एकच लागेल ना?"

हा प्रश्न मला लोक नेहमी विचारतात आणि मी नेहमी खोकतो. माहितीपटाला कॅमेरा छोटा हवा, कोणाच्या डोळ्यावर न येणारा. एकच झूम लेन्स, २४-१०५ असली, की उभ्या जागी रुंदही दिसतं आणि जवळचंही. मुलाखतीला कॅमेरा कसलाही चालतो, माइक चांगला हवा. प्री-वेडिंगला पाठीमागचं जग लोण्यासारखं विरघळवणारी प्राइम लेन्स हवी, जोडपं तरंगतंय असं वाटायला गिंबल हवा आणि वर ड्रोन. कंपन्यांच्या फिल्मची गोष्ट निराळी. तिथे कॅमेरा मोठा हवा, कारण तो साहेबांना दिसतो. त्याला पुढे मॅटबॉक्स, बाजूला दोन मॉनिटर, शिवाय भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर येणारा अटेंडंट. मी एकदा अशाच फिल्मला छोटा कॅमेरा नेला तर एचआरच्या बाई म्हणाल्या, "मेन कॅमेरा यायचाय का अजून?" दुसऱ्या दिवशी त्याच कॅमेऱ्याला रिकामा मॅटबॉक्स आणि दोन हँडल लावून नेलं. मला चहा बशीतून आला.

निर्मात्यांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग सगळंच घ्या."

विमानात बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, हातात न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरच्या वर गेल्या तर विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणून तर बाजारात त्या मोठ्या विटेसारख्या बॅटऱ्या नेमक्या ९८-९९ च्या मिळतात. हे आम्हाला माहीत असतं. पण सुरक्षा तपासणीतल्या जवानाला ते माहीत असेलच असं नाही. त्याने माझ्या पाठपिशवीतून एक एक करत सहा विटा काढल्या, ट्रेमध्ये ओळीने मांडल्या आणि शांतपणे विचारलं, "घर बांध रहे हो?"

बाबतपूरला उतरलो. टेम्पो दोन. एकात आम्ही आणि कॅमेरे, दुसऱ्यात लाइट आणि स्टँड. दुसऱ्या टेम्पोवाल्याला मी स्वच्छ सांगितलं, राजा घाट. तो स्वच्छ ऐकून राजघाटाला गेला. राजघाट म्हणजे शहराच्या पार उत्तरेच्या टोकाला, मालवीय पुलापाशी. एका कान्याचा फरक. प्राथमिक शाळेत बाई ऱ्हस्व-दीर्घावर का डाफरायच्या ते कळलं, फक्त त्यांनी सोबत भाड्याच्या लाइटचं उदाहरण द्यायला हवं होतं. लाइट राजघाटावर आणि आम्ही राजा घाटाच्या मागच्या गल्लीत. गल्लीत टेम्पो येत नाही, टेम्पो सोडा, दोन माणसं आणि एक वळू एकदम येत नाहीत. दुकानात ट्रॉली बॅगची चाकं कशी भिंगरीसारखी फिरतात! घाटावर सामानाचं वजन किलोत मोजत नाहीत, पायऱ्यांत मोजतात. माझा तो सात किलोचा, गुळगुळीत हेडचा ट्रायपॉड तिसाव्या पायरीला सतरा किलोचा झाला होता.

खाली उतरल्यावर मात्र मी बॅग ठेवून नुसता बसलो. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या मधल्या टापूतला हा घाट. दशाश्वमेधाची गर्दी इथे पोचत नाही. रुंद दगडी पायऱ्या, वर भक्कम वाडा. बांधकाम अमृतराव पेशव्यांचं. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं, दुसरा बाजीराव पळाला, तेव्हा राघोबादादांच्या या दत्तक मुलाच्या हाती पुण्याचा कारभार आला. वर्षभरात इंग्रजांशी बोलणं झालं, सालीना सात लाखांची नेमणूक ठरली, आणि अमृतराव उत्तरेत येऊन राहिले. १८२४ मध्ये बनारसलाच वारले. मला आत्याची आठवण झाली. कारलं नाही, पेरू नाही, या माणसाने अख्खं पुणं सोडलं. आणि त्याला पुणं आवडत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

माझं हे चिंतन चालू असताना निर्मात्यांनी संहितेचा कागद पुढे केला. 'दृश्य १४. सूर्यास्त. गंगेत बुडणारं लालभडक बिंब. डोलणारी होडी.'

"हे होणार नाही," मी म्हटलं.

"का? ढग आहेत?"

"सूर्य इकडे मावळत नाही."

निर्मात्यांचं सगळं आयुष्य दादर चौपाटीवर गेलेलं. पाणी दिसलं की त्यात संध्याकाळी सूर्य बुडायलाच हवा, ही त्यांची श्रद्धा. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते. घाट सगळे पश्चिम काठावर, तोंडं पूर्वेला. सूर्य समोरच्या वाळूवरून उगवतो आणि मावळताना आपल्या पाठीमागे शहरात, कुणाच्यातरी पाण्याच्या टाकीआड जातो. दुपार कलली की वाड्यांच्या सावल्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरतात आणि घाट करडा पडतो. म्हणजे इथे जे काही सोनं लुटायचं ते सकाळच्या दीड-दोन तासांत. कुठली लेन्स आणि कुठला फिल्टर हा पुढचा प्रश्न, इथे पहिलं उपकरण म्हणजे गजराचं घड्याळ.

निर्माते विचारात पडले. मग म्हणाले, "सूर्योदय घ्या आणि उलटा चालवा."

घेतला. एडिटिंगला उलटा चालवलाही. सूर्य अप्रतिम बुडाला. होडी मात्र नाकाऐवजी शेपटीकडून निघाली, अगरबत्तीचा धूर आकाशातून येऊन उदबत्तीत शिरला, आणि डुबकी मारणारे एक जाडजूड गृहस्थ पाय वर करून पाण्यातून उडाले ते थेट पायरीवर, कोरडे.

गुरुजींकडे दुपारी पोचलो. लाइट अजून वाटेतच होते. ब्रह्माघाटाकडचं ते जुनं घर, चारी बाजूंनी खोल्या, मध्ये चौक, वर चौकोनी आकाश. उजेड वरून यायचा, भिंतींवर आपटायचा, आणि खाली येईपर्यंत इतका मऊ व्हायचा की गुरुजींच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती उगाच ओरडत नव्हती. मला एकदम सुब्रत मित्र आठवले. सत्यजित राय यांचा 'अपराजितो' १९५६चा. बनारसच्या घराचा सेट कलकत्त्यात स्टुडिओत उभा केला, तेव्हा असल्याच चौकातला उजेड आणायचा कसा, हा पेच होता. दिव्यांचे झोत थेट मारले तर चारी बाजूंना सावल्या. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटवून खाली पाडला. आज आम्ही सर्रास 'बाउन्स दे रे' म्हणतो, त्याच्या अगदी पहिल्या उपयोगांतला हा एक. म्हणजे तिकडे ज्या उजेडाची नक्कल करायला एवढा खटाटोप केला तो अस्सल माल माझ्यासमोर फुकट पडला होता, आणि मी टेम्पोवाल्याला शिव्या देत होतो.

असिस्टंटने कॅमेरा लावला. पोरगा हुशार, पण सगळं यूट्यूबवर शिकलेला, तिथले गुरू ६० हर्ट्झच्या देशातले. त्याने शटर एक साठांशवर ठेवला, आणि मागच्या खोलीतली ट्यूबलाइट पडद्यावर भूत झपाटल्यासारखी लपलपायला लागली. आपली वीज ५० हर्ट्झची. शटर एक पन्नासांशवर आणला, भूत उतरलं.

मग आवाज. मी हेडफोन लावून बसलो की मला घरातले सगळे दोष ऐकू येतात. फ्रिज घुमत होता. बंद करणं भाग होतं. पण आमच्या धंद्यात फ्रिज बंद करणाऱ्याला एक शाप आहे: तो चालू करायला विसरतो, आणि पुढच्या वेळी त्या घरात चहाही मिळत नाही. त्यावर उतारा म्हणजे, ज्याशिवाय आपल्याला निघताच येणार नाही अशी वस्तू, बहुधा गाडीची किल्ली, फ्रिजमध्ये ठेवायची. आमच्याकडे गाडी नव्हती. असिस्टंटने डोकं चालवलं. गिंबलवर कॅमेरा बसवायची ती चपटी प्लेट, काड्यापेटीएवढी, तिच्याशिवाय उद्याचं प्री-वेडिंग होणं शक्य नव्हतं. ती त्याने दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवली.

"फ्रिज बंद केलात?" काकू आतून म्हणाल्या. "दूध फाटेल हं." कैक पिढ्या काशीत काढलेलं मराठी. शब्द आपलेच, पण दूध नासत नाही, फाटतं.

गुरुजी सुरेख बोलले. तासभर. मी 'कट' म्हणायचा अवकाश, काकूंनी फ्रिजचं बटण दाबलं. आम्ही त्यांना नमस्कार केला, पुन्हा पुन्हा आभार मानले, आणि फ्रिज चालू झालेलाच असल्यामुळे त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघालो.

पहाटे पावणेपाचला राजा घाटावर असिस्टंट माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, कॅमेरा गंगार्पण झाला.

"दादा, प्लेट."

ब्रह्माघाट तिथून घाटाघाटाने चालत बराच लांब. गुरुजी त्या वेळी स्नान-संध्येत, काकू झोपेत. सूर्य सव्वासहाला. मेव्हणेसाहेब मफलर गुंडाळून पायरीवर बसले होते, आणि त्यांनी कोटेशनमधली गिंबलची ओळ स्वतः वाचलेली होती. "तो तरंगणारा कॅमेरा कुठाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आज आपण जरा क्लासिक पद्धतीने घेतोय." ड्रोनचंही तसंच. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही हे मेव्हण्यांना पाठ होतं. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणजे परवानगीही लागत नाही असं नव्हे, आणि ती आमच्याकडे नव्हती. तो पेटीतच राहिला.

अशा वेळी मी स्वतःला रायसाहेबांची गोष्ट सांगतो. 'अपराजितो'साठी बनारसच्या घाटावर त्यांना कबुतरांचा थवा एकदम उडताना हवा होता. त्यासाठी फटाक्याचे बार आणले होते. बार उडाला, कबुतरांनी आपलं काम चोख केलं, आकाश भरून गेलं, आणि कॅमेरा फिरलाच नाही. मोटरला बॅटरी जोडायची राहिली होती. कबुतरं बिचारी घिरट्या घालून पुन्हा जागेवर येऊन बसली, दुसरा बार लावला, आणि तो शॉट मिळाला. जगातल्या उत्तम चित्रपटांत 'अपराजितो'ची गणना होते. मी असिस्टंटला हे सांगितलं. तो म्हणाला, "पण दादा, त्यांच्याकडे मोटर होती तरी."

शूट सुरू झालं. मी ८५ची लेन्स लावली. ती लांबून बघते, म्हणून जोडप्याला म्हटलं, "थोडं मागे. अजून मागे. अजून." ते सरकत सरकत दक्षिणेकडे गेले. मुलीने पाण्यात पाऊल टाकलं तेवढ्यात नावेतून एक मल्लाह ओरडला, "अरे भइया, उधर नारद घाट है! साथ में नहाए तो झगड़ा पक्का!" नारद घाटावर नवराबायकोने जोडीने स्नान केलं की भांडण होतं, अशी तिथे समजूत आहे. लग्नाला तीन आठवडे होते. मुलीची आई किंचाळली. मुलगा म्हणाला, पाय तर बुडलेत फक्त. मुलगी म्हणाली, तूच म्हणालास चला पुढे. मुलगा म्हणाला, मी नाही, कॅमेरावाले म्हणाले. नारदाचा पत्ता बरोबर होता. मी ८५ उतरवली, ३५ चढवली. लोक लेन्स निवडताना सेन्सरचा आकार बघतात, आम्ही घाटाची हद्द बघितली.

आठ वाजेतो सूर्य वर आला आणि दोघांचे चेहरे काळवंडले. मागून लखलखीत गंगा, पुढे दोन काळ्या आकृती. पांढरा थर्माकोल लाइटच्या टेम्पोत, आणि तो टेम्पो रात्री आला तरी त्यातलं सामान वरच्या गल्लीत. तेवढ्यात धोबी आला. पांडे घाटाकडचे धोबी हॉटेलांच्या चादरी धुऊन पायऱ्यांवर वाळत घालतात. त्याने आमच्यासमोरच्या पायऱ्यांवर एकामागून एक पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या. वीस-पंचवीस असतील. तिसरी चादर पडली आणि मुलीच्या हनुवटीखाली उजेड आला. दहावी पडली आणि दोघांचे डोळे उजळले. मॉनिटरमध्ये मी ते बघत होतो, आणि मला बोलता येईना. लेन्सवर एनडी फिल्टर चढवला, आत्या त्याला लेन्सचा गॉगल म्हणते, आणि रोल केलं. कुठल्याही दुकानात, कुठल्याही भाड्यावर एवढा मोठा रिफ्लेक्टर मिळत नाही.

सव्वातासाने चादरी वाळल्या. धोब्याने टेक चालू असतानाच एक एक गुंडाळायला सुरुवात केली आणि माझी नवरी पायरीपायरीने मावळत गेली. मी त्याला हात जोडले, पैसे देऊ केले. तो म्हणाला, "साहब, दस बजे होटल में बिछानी है."

संध्याकाळच्या विमानाने परतलो. मधल्या वेळात शिंद्यांचा घाट उरकला. मणिकर्णिकेशेजारी रत्नेश्वराचं देऊळ आहे, स्वतःच कललेलं. ते शूट केलं की एडिटर देऊळ सरळ करतो, आणि मग गंगा उताराला लागते. त्याला फोन करून आधीच बजावलं, देवळाला हात लावू नकोस. या गडबडीत ब्रह्माघाटावर जायचं राहूनच गेलं. गिंबलच्या भाड्यात प्लेटचे पैसे कापले गेले.

घरी आलो. आत्याने बूट काढायच्या आत विचारलं.

"गिंबलची प्लेट," मी म्हटलं.

"आवडीची होती?"

"तिच्याशिवाय काम चालत नाही."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात एवढा आदर मी माझ्या पुरस्काराच्या वेळीही ऐकला नव्हता.

दहा दिवसांनी कुरिअर आलं. आत प्रसादाची पुडी, काकूंची चिठ्ठी, 'तुमचं हे चपटं दह्यापाशी राहून गेलं होतं', आणि प्लास्टिकच्या पिशवीत ती प्लेट. मी हात घालणार तेवढ्यात आत्याने पाकीट उचललं.

"काशीत सोडलेलं परत वापरायचं नसतं."

प्लेट सध्या देवघरात आहे, गंगाजलाच्या गडूशेजारी. भाड्याने देणाऱ्याला हे कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून मी अजून गप्प आहे. परवा पुन्हा गिंबल लागला तेव्हा त्याने दुसरी प्लेट दिली आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लाल पेनने फुली मारली.